लायसन सस्पेंड का होतं? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात ई-चलानाबद्दल लिहिलं होतं आणि त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की काही गुन्ह्यांत नुसता दंड भरून भागत नाही, लायसनसुद्धा तीन महिने जाऊ शकतं. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आणि मेसेज आले तेवढे अख्ख्या लेखावर आले नाहीत. म्हणून ह्या वेळी फक्त लायसनचेच प्रश्न घेतलेत. आधीच सांगतो, मी वकील नाही. २३ वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय, आठवड्यातले तीन-चार दिवस आरटीओच्या आवारात उभं राहण्यात जातात, त्यामुळे जे रोज बघतो आणि जे कायद्यात लिहिलंय तेवढंच सांगणार.

प्रश्न : मी हिंजवडीत कामाला आहे. दोन महिन्यांपूर्वी नाकाबंदीत विनाहेल्मेट सापडलो, पाचशेचं चलान तिथंच ऑनलाइन भरून टाकलं. आता आरटीओची 'कारणे दाखवा' नोटीस आलीय की तुमचं लायसन निलंबित का करू नये. दंड भरला ना, मग एका गुन्ह्याला दोन शिक्षा कशा? आणि नाहीच गेलो तर काय होईल?
(आयटीवाला, पिंपळे सौदागर)

दादा, सगळ्यात जास्त पत्रं ह्याच प्रश्नाची आहेत, आणि सगळ्यांचा सूर तोच, पावती फाडली म्हणजे संपलं. तसं नाहीये. मोटार वाहन कायदा १९८८चा, त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली, आणि त्या दुरुस्तीनं हेल्मेटच्या कलमात, १९४-डी मध्ये, दंडाच्या शेजारीच लिहून ठेवलंय की तीन महिने लायसन अपात्र. कायद्यातला दंड हजाराचा आहे, आपल्या राज्यानं तडजोडीची (कोर्टात न जाता भरायची) रक्कम पाचशे ठेवली, पण म्हणून तीन महिने कुठं गेले नाहीत. पाचशे भरलेत ते दंडापुरते, लायसनचा हिशोब आरटीओ वेगळा करतं.

मग सगळ्यांचंच का जात नाही, तर पोलिसानं प्रस्ताव पाठवला तर आरटीओत फाइल उघडते, नाही पाठवला तर नाही. कलम २०६ मध्ये यादीच आहे की कुठल्या गुन्ह्यात पोलिसानं लायसन ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवायचं. ओव्हरस्पीड, धोकादायक चालवणं, दारू पिऊन चालवणं, रस्त्यावर रेस लावणं, ब्रेक-बिक धड नसलेली गाडी रस्त्यावर आणणं, ट्रिपल सीट, हेल्मेट नसणं आणि अ‍ॅम्ब्युलन्स किंवा फायर ब्रिगेडला वाट न देणं. ह्यातलं हेल्मेट आणि ट्रिपल सीट लोकांना अगदी किरकोळ वाटतं आणि नेमकी त्यातच कॉलेजची पोरं सापडतात. बायकोला किंवा मित्राला मागं विनाहेल्मेट बसवलंत तरी तेच, मागच्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे आणि मुंबईत तर २०२२ च्या जूनपासून त्यावर वेगळी मोहीमच सुरू झाली होती.

एक गैरसमज इथंच काढून टाकतो. पोलीस लायसन सस्पेंड करत नाही. तो घेऊ शकतो, पोचपावती देतो, आणि त्या पोचपावतीवर लिहिलेल्या तारखेपर्यंत किंवा लायसन परत मिळेपर्यंत तुम्ही गाडी चालवू शकता. सस्पेंड करायचं की नाही ते आरटीओतला अधिकारी ठरवतो (किंवा कोर्ट, ते पुढं येईलच), आणि तेही तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय नाही. कायद्यात दोन्ही वाटा आहेत, सोडून द्यायचं किंवा पहिल्या वेळी तीन महिने. दुसऱ्यांदा त्याच यादीतल्या गुन्ह्यात गेलात तर थेट रद्द.

म्हणून नोटीस आली की जायचं. मागच्या पावसाळ्यात आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याबरोबर मी सुनावणीला गेलो होतो. लोकांना वाटतं कोर्टासारखं काहीतरी असेल, पिंजरा वगैरे. एक टेबल, त्यावर दोऱ्यानं बांधलेल्या फायली, समोर प्लॅस्टिकची खुर्ची, खिडकीतून पाणी आत येतंय म्हणून शिपाई खाली पोतं टाकतोय. साहेबांनी चलानाचा फोटो पुढं सरकवला. फोटोत पोराचं हेल्मेट आरशाला लटकलेलं स्वच्छ दिसत होतं. साहेब एवढंच म्हणाले, आरशाला डोकं असतं का रे. पोरगा गप्प. त्याच्या आईनं काहीतरी बोलायला सुरुवात केली तर तिला खुणेनं थांबवलं. पहिलीच वेळ आहे, डिलिव्हरीच्या कामावर घर चालतं, असं त्यानं कागदावर लिहून दिलं, सोबत कंपनीचं पत्र. तीन महिने झालेच. पण त्याच दिवशी त्याच खोलीत पुढच्या माणसाचं निघालं की फोटोतली गाडी त्यानं चार महिन्यांपूर्वीच विकली होती, नावावरून उतरवायची राहिली होती, त्याच्याकडे विक्रीचे कागद होते, तो सुटला. घरी बसला असता तर त्याचंही गेलं असतं, कारण कोणी आलंच नाही तर समोर जे कागद आहेत त्यावरच निकाल होतो.

आणि पत्ता बदला रे बाबांनो. लायसनवर गावचा पत्ता, राहायला पुण्यात, नोटीस जाते गावी, काका ती देवघरातल्या कॅलेंडरमागं खोचून ठेवतात आणि दिवाळीला गेलं की सांगतात तुझं काहीतरी सरकारी आलंय. लायसनच्या सरकारी वेबसाइटवर, म्हणजे सारथी पोर्टलवर, पत्ता आणि मोबाइल नंबर दोन्ही बदलता येतात.

प्रश्न : माझा छोटा पिकअप आहे. भाचीच्या लग्नाला वऱ्हाड घेऊन निघालो होतो, २०-२२ माणसं मागं, दहा किलोमीटरचा तर रस्ता. फाट्यावर आरटीओच्या स्क्वाडनं धरलं. दंडाचं ठीक आहे, पण साहेब म्हणाले लायसनवर कारवाई होणार. गाडी माझीच, माणसं घरचीच, भाडं घेतलं नाही, मग गुन्हा कसला?
(पिकअपवाला, फलटण तालुका)

भाऊ, भाडं घेतलं का नाही हा प्रश्नच नाहीये. मालवाहू गाडीत माणसं भरणं हा गुन्हाच आहे, वऱ्हाड असो, देवीला निघालेली असोत, कांदा काढायला निघालेल्या बाया असोत. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये २१ नंबरचा नियम आहे, त्यात लोकांना उपद्रव किंवा धोका होईल अशा कामांची लांबलचक यादी दिलीय, आणि मालगाडीत माणसं व मालगाडीत जादा माल ही दोन्ही त्यात आहेत. शिवाय २०१५ साली सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीनं सगळ्या राज्यांना कळवलं की सहा गोष्टींत कमीत कमी तीन महिने लायसन निलंबित कराच: वेग, सिग्नल तोडणं, मालगाडीत ओव्हरलोड, मालगाडीत माणसं, दारू, आणि गाडी चालवताना मोबाइल. त्या पत्रानंतर आरटीओतल्या ह्या कारवाया खऱ्या अर्थानं वाढल्या, त्याआधी कलमं होती पण फारसं कोणी हात लावत नव्हतं.

मला माहितीय खेड्यात पर्याय काय असतो ते. एसटी दिवसातून दोन, लग्नाची गाडी ठरवायची तर तिचं भाडं ऐकूनच वधूपित्याला घाम फुटतो, आणि भावकीत एकाकडे पिकअप असतो, मग तो 'आपलाच'. मी पण लहानपणी ट्रकच्या हौद्यात बसून लग्नं केलीत. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगतो. मालगाडीच्या विम्यात मागं बसवलेली माणसं धरलेली नसतात. घाटात गाडी पलटी झाली आणि मामेसासऱ्याचा पाय गेला तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाईचा दावा येतो गाडीमालकावर, म्हणजे तुमच्यावर, आणि समोर दावा लावणारा पण घरचाच. असली भांडणं दोन-दोन पिढ्या चालतात.

तुमच्या लायसनचं म्हणाल तर कायद्यात एक तरतूद आहे जी ड्रायव्हर लोकांना माहीत नसते. लायसनवर दोन-तीन प्रकारच्या गाड्या असतील तर अधिकारी एखाद्याच प्रकारापुरतं अपात्र करू शकतो, तशी नोंद करून लायसन परत देतात. म्हणजे मोटारसायकल चालू, पिकअप बंद असंही होऊ शकतं. आदेश हातात आला की नीट वाचा त्यात सगळं लायसन लिहिलंय की एकच वर्ग. सुनावणीला जाताना पहिलीच वेळ आहे हे दाखवणारं काही असेल ते घेऊन जा, आणि 'घरचीच माणसं होती' हे तिथं बोलू नका, त्यानं उलट गुन्हा कबूल होतो आणि साहेब चिडतात ते वेगळंच.

ओव्हरलोडचं पण जाता जाता, कारण ऊस आणि वाळूवाल्यांची पत्रं आलीत. दंड २०,००० आणि वर जादा प्रत्येक टनाला २,०००, माल उतरवूनच गाडी पुढं सोडतात. दंडाची रक्कम मालकाच्या खिशातून निघते पण लायसन जातं ड्रायव्हरचं, आणि माल भरताना ड्रायव्हरला कोणी विचारलेलं नसतं. ड्रायव्हर भावांनो, वजनकाट्याची पावती बघितल्याशिवाय स्टेअरिंगला हात लावू नका. मालक दुसरा ड्रायव्हर बघेल, तुमचे तीन महिने कोण भरून देणार?

प्रश्न : ऑफिसची पार्टी होती, दोनच बिअर घेतल्या होत्या, बोलणं-चालणं एकदम नॉर्मल. नाक्यावर फुंकायला लावलं तर मशीनमध्ये ४१ आलं. गाडी तिथंच ठेवून घेतली. आता कोर्टात जायचंय. लायसन जाईल का? एकजण म्हणतो कोर्टात गुन्हा कबूल केला की दंडावर सुटतं.
(नाव देऊ नका, ठाणे)

'दोनच बिअर' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मोजणं सोडलंय. कायद्याची रेषा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, बोलणं-चालणं नॉर्मल आहे का हे कोणी बघत नाही. ४१ म्हणजे रेषेच्या वर, विषय संपला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत आणि १५,००० पर्यंत.

तुमचा तो मित्र दंडाचं बरोबर सांगतोय, लायसनचं विसरतोय. आधीच्या दोन प्रश्नांत आरटीओ तीन महिन्यांचा विचार करत होतं. इथं कोर्ट आहे, आणि कलम २० सांगतं की कलम १८५ खाली, म्हणजे दारू पिऊन चालवल्याबद्दल, दोषी ठरवलं तर कोर्टानं लायसन अपात्र करायचंच, ते पण सहा महिन्यांपेक्षा कमी नाही. म्हणजे 'कबूल करतो, दंड भरतो, लवकर मोकळं करा' म्हणून घाईघाईत सही करताना तुम्ही सहा महिन्यांवर पण सही करताय. आधी वकिलाला भेटा, निदान एकदा तरी.

बाकी कांदा खाऊन, वेलदोडा चघळून, च्युइंगगम खाऊन मशीन फसत नाही, वास जातो फक्त. आणि फुंकणारच नाही म्हणून अडून बसलात तर तो नकारच पुढं कोर्टात तुमच्या विरोधात धरला जाऊ शकतो. ठाण्यात रात्री रिक्षा मिळते हो. महाग पडते, मान्य.

प्रश्न : मी गाडीत मोबाइल स्टँडला लावून मॅप बघतो. पोलिसानं थांबवून मोबाइल वापरल्याचं चलान केलं. मॅप पण बघायचा नाही का आता?
(निवृत्त शिक्षक, नाशिक)

बघा की सर. २०२० च्या ऑक्टोबरपासून नियमातच तसं आलंय की रस्ता बघण्यापुरता फोन वापरता येतो, फक्त लक्ष विचलित व्हायला नको. स्टँडला लावलेला फोन, आधीच पत्ता टाकलेला, हे चालतं. हातात धरून बघणं नाही, आणि मॅप चालू असताना मध्येच भाचीचा व्हिडिओ कॉल आला म्हणून घेणं नाही. चलानावरचा फोटो उघडून बघा. फोन स्टँडलाच दिसत असेल तर ऑनलाइन तक्रार टाका, पैसे भरायच्या आधी टाका.

आता स्वतःची फजिती सांगतो. सात-आठ वर्षं झाली असतील, सिग्नल लाल, गाडी उभी, शेजारच्या सीटवर शिकाऊ मुलगी, मागं अजून दोघं. बायकोचा फोन आला, येताना दही आणा. घेतला. उभ्या गाडीत काय होतंय असं मनात. काचेवर टकटक. हवालदारानं आधी गाडीवरचा 'एल' बघितला, मग छतावरचा ड्रायव्हिंग स्कूलचा बोर्ड, मग माझ्याकडे बघितलं, आणि काही बोललाच नाही, नुसता हसला आणि पावती फाडली. मागची दोघं पुढचे २० दिवस क्लच दाबताना पण हसत होती. सिग्नलला उभे असलात तरी तुम्ही ड्रायव्हरच असता आणि रस्त्यावरच असता, फोन हातात घेतला की घेतला. आणि हल्ली हातातला फोन, लाल सिग्नल तोडणं आणि राँग साइड ही तिन्ही कायद्यानं नाव घेऊन 'धोकादायक चालवणं' ह्या कलमात, १८४ मध्ये, घातलीत. म्हणजे परत लायसनच्या यादीत. गल्लीच्या तोंडापर्यंत पन्नास मीटर राँग साइड जाणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं, एक यू-टर्न वाचवायला तीन महिने म्हणजे काय भाव झाला बघा.

प्रश्न : बारामती रोडला माझ्या गाडीला एक बाइकवाला घासला, पडला. लगेच गर्दी जमली, दगड उचलले, मी घाबरून गाडी काढली आणि सरळ पुढच्या पोलीस स्टेशनला जाऊन सगळं सांगितलं. लोक म्हणतात पळून गेलास म्हणून लायसन कायमचं जाणार. खरंय का?
(कापड व्यापारी)

तुम्ही बरोबर वागलात, आधी हे. अपघातानंतर ड्रायव्हरनं काय करायचं हे कलम १३४ मध्ये आहे: जखमीला उपचार मिळतील असं बघायचं, पोलिसांना कळवायचं, विमा कंपनीला कळवायचं. पण त्याच कलमात लिहून ठेवलंय की जमावाच्या रागामुळे थांबणं शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना पण आपली गर्दी कशी असते ते माहीत होतं. मात्र जवळच्या पोलीस ठाण्यात जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर आणि कुठल्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत कळवायला लागतं. तुम्ही ते केलंत. स्टेशन डायरीतल्या नोंदीचा नंबर घेऊन ठेवा, निघताना १०८ ला फोन केला असेल तर कॉल लिस्टचा स्क्रीनशॉट ठेवा.

जे घरी जाऊन गाडी पत्र्याच्या शेडमध्ये लपवतात त्यांच्यासाठी मात्र १३४ मोडल्याबद्दल दोषी ठरलं तर कोर्ट कमीत कमी एक महिना लायसन बंद ठेवतंच. आणि अजून एक कलम आहे, २१, हे फार थोड्यांना माहीत असतं. आधी कधी धोकादायक चालवण्यात शिक्षा झालेली असेल आणि आता तशाच चालवण्यात कुणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं असा गुन्हा दाखल झाला, तर गुन्हा दाखल झाल्या दिवसापासून सहा महिने त्या प्रकारच्या गाडीचं लायसन आपोआप निलंबित होतं. निकालाची वाटच बघत नाहीत. निर्दोष सुटलात तर कोर्ट ते निलंबन रद्द करतं. तुमची आधीची पाटी कोरी आहे असं लिहिलंय, त्यामुळे ह्याची काळजी तुम्हाला नको.

प्रश्न : गाडी यजमानांच्या नावावर आहे, एक्सप्रेसवेवर ओव्हरस्पीडचं चलान त्यांना आलं. चालवत होता आमचा ड्रायव्हर. लायसन कुणाचं जाईल?
(गृहिणी, पनवेल)

ताई, चलान गाडीच्या नंबरवर येतं म्हणून मालकाला येतं, पण लायसनवर कारवाई जो चालवत होता त्याच्यावर. कोण चालवत होता हे सांगणं मालकाचं कर्तव्य आहे, कायद्यानंच. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर कारला सपाट भागात १०० ची मर्यादा आहे, घाटात ती बरीच कमी होते आणि कॅमेरे दोन्हीकडे आहेत. बोर्ड बघायला सांगा ड्रायव्हरला. बाकी 'लवकर पोच, फ्लाइट आहे' असं मागच्या सीटवरून कोण म्हणालं होतं ते मी विचारत नाही.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा, क्लासला माझी स्कूटी नेतो. पकडला तर माझं लायसन सस्पेंड होईल का?
(आई, कोल्हापूर)

लायसन गेलं असतं तर स्वस्तात सुटलात असं म्हणलो असतो. कलम १९९-ए मध्ये पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड आहे, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. नोकरीला लागेल आणि बसनं जाईल. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं ते ५० सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीचं, तुमची स्कूटी १०० सीसीच्या वरचीच असणार. किल्ली कपाटात ठेवा.

प्रश्न : रिक्षावाले जवळचं भाडं नाकारतात, उलट बोलतात. त्यांचं लायसन कधी जातं का, का नियम फक्त आम्हाला?
(रोजची प्रवासी, डोंबिवली)

जातं की. प्रवाशाशी उद्धट वागणं, मुद्दाम लांबच्या रस्त्यानं नेणं हे सगळं मघाशी सांगितलेल्या त्याच नियम २१ च्या यादीत आहे, आणि भाडं नाकारणं कायद्यानं वेगळा गुन्हा आहेच. मुंबई-ठाण्याच्या आरटीओंनी अशा तक्रारींवरून लायसनं आणि परमिटं निलंबित केलेली आहेत. तक्रार करताना रिक्षाचा नंबर, वेळ, कुठून कुठं जायचं होतं एवढं लागतं. 'स्टेशनबाहेरचा तो जाड्या मिशीवाला' ह्यावर आरटीओ काही करू शकत नाही.

प्रश्न : माझं लायसन तीन महिने निलंबित आहे (सिग्नल तोडला होता). एक एजंट म्हणतोय दुसऱ्या जिल्ह्याच्या आरटीओतून नवीन काढून देतो, आठ हजार लागतील. माझं मार्केटिंगचं काम आहे, गाडीशिवाय चालत नाही. काढू का? नाहीतर असंच चालवलं तर कोण बघतंय?
(विक्री प्रतिनिधी, सावंतवाडी)

एजंटला आठ हजार देऊ नका, त्यात गोव्याला बसनं किती फेऱ्या होतील त्याचा हिशोब करा. एका माणसाला एकच लायसन, आणि आता सगळं सारथीवर आहे, तुमचं नाव-जन्मतारीख-आधार टाकलं की निलंबनासकट जुनं लायसन समोर येतं. पूर्वी, म्हणजे पुस्तकी लायसनच्या काळात, चालायच्या ह्या युक्त्या, मी नाही म्हणत नाही. एका जिल्ह्यात लायसन अडकलं की लोक दुसऱ्या जिल्ह्यातून काढायचे. ते दिवस गेले. आणि अपात्र असताना लायसनसाठी अर्ज करणं किंवा गाडी चालवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, कलम १८२, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही.

'कोण बघतंय' चं सांगतो. तुम्ही बांद्याच्या पुढं गोव्यात गेलात तरी पोलिसाच्या हातातल्या मशीनमध्ये लायसन नंबर टाकला की दिसतं. पण पोलीस सोडा, मला भीती विम्याची वाटते. तुमच्या पॉलिसीवर 'ड्रायव्हर' ह्या रकान्यात लिहिलेलं असतं की चालवणाऱ्याकडे वैध लायसन असलं पाहिजे आणि तो अपात्र ठरवलेला नसावा. काढून वाचा, बारीक अक्षरात आहे. ह्या तीन महिन्यांत गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीचा क्लेम गेला. समोरचा जखमी झाला तर कंपनी त्याला भरपाई देऊन ती तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते, आणि मोटार अपघात दाव्यांचे आकडे लाखांतच असतात. आमच्या भागात एका माणसानं अशाच निलंबनाच्या काळात, म्हणे दूध आणायला, चौकापर्यंत गाडी काढली होती. समोर म्हातारा सायकलवर. पुढं त्याला गुंठा-दीड गुंठा विकायला लागला.

आदेश चुकीचा वाटत असेल तर अपील करा, आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. कामाचं म्हणाल तर साहेबांना मोकळेपणानं सांगा, तीन महिने एरिया बदलून मागा किंवा बरोबर कुणी ड्रायव्हर मिळतो का बघा. माझ्या ओळखीच्या एका औषध कंपनीच्या पोरानं तीन महिने एसटीनं तालुके केले, म्हणतो डॉक्टर लोक स्टँडवर भेटायला लागले.

प्रश्न : तीन महिने संपत आले की लायसन आपोआप चालू होतं का काही करायला लागतं? आणि माझ्या लायसनची मुदत पण ह्याच काळात संपतेय.
(शेतकरी, वय ५१, मिरज तालुका)

काका, आधी आदेश बाहेर काढा, त्यावर कधीपासून कधीपर्यंत ते लिहिलेलं असतं. दंडाच्या पावतीची तारीख किंवा नोटिशीची तारीख धरून मोजू नका, ह्यात लोक हमखास चुकतात आणि दहा दिवस आधीच गाडी काढून बसतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत संपल्यावर लायसन परत घ्यायला उजळणीचं प्रशिक्षण पूर्ण करायला लागतं. ते कुठं आणि कोणत्या वारी आहे हे आदेश घेतानाच खिडकीवर विचारून ठेवा, शेवटच्या आठवड्यात विचाराल तर पुढची बॅच सांगतील.

मुदत संपणं वेगळं आणि निलंबन वेगळं. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, वर्ष उलटलं तर परत टेस्ट द्यायला लागते. पण पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस चालवायची सवलत होती ती आता काढून टाकलीय, संपली त्या दिवसापासून विनालायसनच. तुमचं वय चाळीसच्या वर, म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट लागणार, नमुना १-ए. आधी निलंबनाची तारीख जाऊ दे, मग प्रशिक्षणाचा कागद आणि सर्टिफिकेट दोन्ही घेऊन एकाच फेरीत जा. मिरजेहून सांगलीला यायचं तर सकाळी लवकर निघा, अकरानंतर खिडकीवर रांग जिन्यापर्यंत येते, आणि झेरॉक्स घरूनच काढून आणा, आवारातला झेरॉक्सवाला दुप्पट घेतो.